शंभरावर अडलेला तंबोरा

मिरजेतल्या दवाखान्यांमधून मी आजवर जेवढी नेटवर्कची केबल ओढली आहे, ती सगळी सोडवून सरळ केली तर तिचं एक टोक कवठे महांकाळला आमच्या मेंढवाड्याच्या खुंटीला बांधून दुसरं टोक चंद्रावर नेता येईल, आणि वर गुंडाळी उरेल. आमचं खानदान मेंढरांमागं चालणारं. मी केबलीमागं चालतो. फरक एवढाच की मेंढरू हाक मारली तर वळून बघतं.

तर अशा जगप्रसिद्ध माणसाला तंबोऱ्यानं पाणी पाजलं, त्याची ही हकिकत.

मी तेव्हा भाड्यानं राहायचो ती खोली एका तंबोरे बनवणाऱ्या कारागिराच्या कारखान्यावर होती. खाली भोपळे, वर मी. त्यांना मी मामा म्हणायचो. मामांचा कान असा की रस्त्यावरून एसटी गेली तर तिचा कुठला नट ढिला आहे ते सांगायचे. एकदा माझ्या खोलीतल्या पंख्याचा सूर उतरला म्हणून रात्रभर झोपले नाहीत, आणि सकाळी येऊन स्वतः त्याच्या पात्याला मेण लावून गेले. आता पंखा काळी चारच्या पट्टीत फिरतो.

मामांनी त्या वर्षी एका मोठ्या गवयी बाईंसाठी तंबोऱ्यांची जोडी केली होती. जोडी म्हणजे दोन सख्ख्या बहिणींसारखे दोन तंबोरे, दोन्हींचा आवाज एकमेकांत विरघळला पाहिजे. लाकूड निवडण्यापासून वर्ष गेलं होतं. रिवाज असा की गाणारा माणूस मिरजेला येतो, चटईवर बसतो, तास दोन तास ऐकतो, मग मामा त्याच्या गळ्याप्रमाणं जवारी लावतात. जवारी म्हणजे तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिची पाठ कानशीनं अशी घासायची की तार तिच्यावर नुसती टेकता टेकता झणझणत राहील. केसाएवढी जास्त घासली की आवाज पत्र्यासारखा. आणि घासलेलं हाड परत भरत नाही.

पण बाईंचा पाय मोडला. प्लास्टर. त्या राहायला दूर उत्तरेत. म्हणाल्या, मी व्हिडिओ कॉलवर ऐकते.

मामांनी मला बोलावलं. म्हणाले, "गड्या, तुझ्या त्या वायरीतनं जवारी जाईल का?"

"मामा, माझ्या वायरीतनं उद्या हत्ती पाठवा," मी म्हणालो.

पहिली गंमत मी चुटकीसरशी सोडवली होती, हे इथं नमूद करतो. कॉलच्या ॲपला एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा वाटतो आणि ते तो पुसून टाकतं. मामा तंबोरा छेडत होते आणि पलीकडं बाईंना फक्त मामांचा श्वास ऐकू येत होता. मी ती आवाज साफ करायची सोय बंद केली. मामींनी मला त्याबद्दल दोन थालीपिठं जास्त वाढली. तिथंच थांबलो असतो तर आज माझा पुतळा असता.

पुढच्या कॉलला तंबोरा पलीकडं पोचला, पण तुकड्या तुकड्यांनी. बाई म्हणाल्या, "पहिला नुसता ऐकला, बरा वाटतोय. दुसऱ्याबरोबर गुणगुणले, तर त्याची जवारी तुटतेय हो. झण्, मग काहीच नाही, मग झण्."

मामांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्या पोरीला कुणी तिरळी म्हणालं. कॉल संपला, मामा आत गेले, आणि आतून कानशीचा आवाज आला. खर्र. खर्र.

मी धावाधाव केली. स्पीड कमी दिसत होता, पण पिंग, म्हणजे पलीकडं साधी एक हाक मारून उत्तर येतंय का बघणं, ते चोख होतं. मी केबल बदलली. दुसऱ्या दिवशी परत कॉल, परत तुकडे, परत आत खर्र खर्र. मी केबलीची दोन्ही टोकं कापून नवी बसवली. उंदरांवर संशय घेतला. इंटरनेट कंपनीच्या माणसाला फोनवर अशा शिव्या दिल्या की तो माझ्या गावचाच निघाला आणि त्यानं माझ्याहून चांगल्या परत दिल्या. परत कॉल. परत तुकडे. परत आत खर्र खर्र.

त्या तिसऱ्या तुटक्या कॉलनंतर मामा घोडी उजेडात धरून म्हणाले, "आता एकदाच कानस फिरंल. त्याच्या पुढं हे हाड संपलं. माझ्या आज्यानं जपून ठेवलेलं हाड हाय हे. असलं आता मिळत न्हाई."

"मामा, जवारी बरोबर आहे. बिघाड वायरीत आहे."

"दोन डाव वायर बदललीस की रं! वायरीचा बिघाड असता तर तू काढला असतास न्हवं? तू एवढा हुशार!"

याला म्हणतात स्वतःच्या थापेखाली चिरडणं.

चौथा कॉल दुसऱ्या दिवशी पाचला होता. बाईंनी प्रेमानंच सांगितलं होतं की या वेळी नाही जमलं तर राहू द्या, मी पाय बरा झाल्यावर दुसरीकडं बघते. 'दुसरीकडं' हा शब्द मामांनी त्या रात्री जेवणात चावला, गिळला नाही.

आता सुभेदारांना आणतो. ते मामींचे सख्खे भाऊ, साताऱ्याचे, फौजेच्या सिग्नल दलात लाईनी जोडण्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्याच आठवड्यात मिरजेला आले आणि बहिणीकडं उतरले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं साऱ्या घरावर देखरेख. त्यांनी आल्या दिवशी मामींच्या फोडणीची वेळ लावून दिली होती. एका डोळ्यानं ते एवढं बघायचे, तर सीमेवर दोन्हींनी बघत होते तेव्हा चीननं काय केलं असेल, बिचाऱ्यानं!

चौथ्या दिवशी चार वाजता मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी कारखान्यातल्या कॉम्प्युटरची केबल काढून माझ्या लॅपटॉपला लावली. स्पीड पुरासारखा. राऊटरवरचा दिवा, जो चार दिवस पिवळा होता, तो हिरवा. केबल तीच, राऊटर तोच. म्हणजे खोट कॉम्प्युटरात! मी त्याच्या नेटवर्क कार्डाची सेटिंग उघडली. तिथं 'ऑटो' असायला हवं. तिथं लिहिलं होतं, शंभर, फुल डुप्लेक्स, म्हणजे वेग शंभरावर खिळवलेला आणि बोलणं ऐकणं एकदम.

"हे कुणी केलं?"

"मी," खुर्चीतून सुभेदार म्हणाले. "आल्या दिवशीच. ऑटोवर सोडलं व्हतं येड्यागत. आमच्या टायमाला ऑटोवर ठेवली की लाईन पडायची. फिक्स मंजी फिक्स! दोन मशिनींनी आपापसात चर्चा करायची? ऑर्डर कुणाची मग?"

आतून मामांनी कानस साफ करायला घेतल्याचा आवाज आला. मी खुर्ची ओढून सुभेदारांसमोर बसलो.

"सुभेदार, माझा चुलता लय मोठा कळप घेऊन फिरायचा," मी म्हणालो. "एवढा मोठा की पहिलं मेंढरू जतला असलं की शेवटचं विट्यात. वाटेत ओढ्यावर फरशीपूल. समोरून दुसरा कळप आला की आमच्यात रीत काय? लांबनंच दोघं ओरडतात. हा सांगतो, माझी मेंढरं अशी चालतात, येणारी जाणारी एकदम चालतील. तो आपलं सांगतो. मग दोघांना जे झेपतं त्यातलं सगळ्यात भारी ते ठरतं. केबल खुपसली की दोन्ही टोकांची मशिनं हेच करतात. दहा झेपतं, शंभर झेपतं, हजार झेपतं, बोलता बोलता ऐकायलाही येतं, असं बारीक बारीक ठोके देऊन सांगतात आणि दोघांत सारखं असलेलं सगळ्यात वरचं धरतात."

"हां. मग?"

"एकदा समोरचा धनगर ओरडलाच नाही. मुका गप चालत आला. आता चुलत्यानं काय समजायचं? चाल किती हे धुरळ्यावरनं कळलं. पण दोन्ही बाजूंनी एकदम जमतं का, ते कसं कळणार? मग रीत अशी की न सांगणाऱ्याबरोबर एका वेळी एकच बाजू. चुलता आपली मेंढरं फरशीवर घाली, समोरून मेंढरू दिसलं की 'अरे, धडकतंय!' म्हणून अर्ध्यातनं माघारी फिरवी. परत घाली, परत फिरवी. समोरचा मात्र बघतच नव्हता, त्याचं चालूच. एखाद दुसरं मेंढरू असलं तर पार व्हायचं, काही कळायचं नाही. पण दोन्हीकडनं कळप आले की चिखल! चुलता तिथं इतके दिवस अडकला की त्याच्या मेंढरांची लोकर फरशीला लागली. तुमचा कॉम्प्युटर तो मुका धनगर. राऊटर माझा चुलता. एकेक हाक मारून बघितली तर सगळं बरोबर. तंबोरा आणि बाई एकदम आल्या की माघारी फिर!"

सुभेदारांनी पट्टीवरून हात फिरवला. एक डोळा लाल झाला. मला वाटलं, आता मार बसतो.

"ए इंजिनियर," ते म्हणाले. "मला शिकवतो व्हय? फिक्स करायचं तर दोन्ही टोकं फिक्स करायची, हे आमच्यात रंगरूटालाबी ठावं असतं!"

"मग राऊटरला कुणी दिली ऑर्डर?"

प्रश्न ऐकून भोपळ्यांना घाम फुटला.

"राऊटरचा पासवर्ड," सुभेदार हळू आवाजात म्हणाले, "कुणी दिला न्हाई मला."

तेवढ्यात आतून आवाज आला. खर्...

आम्ही दोघं उठलो. फौजी माणूस, ऑपरेशनचा डोळा, वाकायची मनाई, पण सुभेदार माझ्या आधी दारात पोचले आणि अशा आवाजात गरजले की बाजारपेठेतल्या दुकानांची शटरं आपोआप खाली आली.

"दाजी! कानस खाली!"

मामांच्या हातून कानस पडली. एक कड नुसती चाटून गेली होती.

"आवं, काय झालं काय?"

"जवारी चोख हाय तुमची," सुभेदार म्हणाले. "चूक माझी हाय. चार दिवस माझीच हाय."

मामी पदराआड हसल्या. सुभेदारांनी चूक कबूल केल्याचं सातारा जिल्ह्यातल्या जिवंत माणसांनी आधी कधी ऐकलं नव्हतं.

मी सेटिंग ऑटोवर टाकली. दिवा एकदा विझला, लुकलुकला, दोन्ही टोकांनी एकमेकांना काय सांगायचं ते सांगितलं, आणि हिरवा झाला. हजार. पाच वाजले.

मामांनी दुसरा तंबोरा छेडला. पडद्यावर बाईंनी डोळे मिटले. मग त्या म्हणाल्या, "मामा, आज अखंड येतंय. पण राग नका मानू, खर्जाच्या तारेची जवारी पहिल्यापेक्षा जरा जास्त उघडलीय. कानशीचा हात जास्त पडलाय का?"

माझं काळीज खाली भोपळ्यात जाऊन पडलं. पण मामांच्या तोंडावर असं हसू फुटलं की सगळी खोली उजळली.

"पडलाय की वो!" ते ओरडले. "तीन डाव पडलाय, आन् आत्ता अर्धा! बरोब्बर ऐकलं तुमी बाई, बरोब्बर ऐकलं!"

खोट निघाली ती खरी निघाली, याचाच त्यांना आनंद. हाड परत भरत नसलं, तरी एवढ्याशा चुकीला सूत पुरतं. त्यांनी तार आणि घोडी यांच्यामधलं सूत नखानं पुढं सरकवलं. इतकं कमी की मला ते सरकलेलं दिसलंच नाही, आणि मला कुठं काय दिसत नाही असं मी सहसा लिहीत नाही. तार बंद होत गेली, होत गेली, आणि एका जागी पहिल्या तंबोऱ्यात मिसळून गेली. मामींनी पहिला घेतला, मामांनी दुसरा.

"झालं," बाई म्हणाल्या. "ही जोडी माझी. पण लगेच ठेवू नका खाली."

आणि त्या गाऊ लागल्या.

मला धसका बसला. इकडचा आवाज तिकडं जायला वेळ लागतो, तिकडचा इकडं यायला लागतो, गाणं मागंपुढं होणार! तोंड उघडून सांगणार एवढ्यात कळलं की काहीच होत नाहीये. तंबोऱ्याला ना सुरुवात, ना ठेका. मघाचा सा आणि आत्ताचा सा एकच. त्यात उशिरा आलेला सूरही वेळेवरच पडतो. एवढं सोपं गणित मी कुठल्या कोर्सात शिकलो नव्हतो.

सुभेदार माझ्या शेजारी ताठ बसले होते. उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"ऑपरेशनच्या डोळ्यातनं येतंय," ते मला म्हणाले.

पट्टी दुसऱ्या डोळ्यावर होती.