धाऊने केलेली बाटल्यांची पूजा

कडावचा धाऊ मोहोपाड्याच्या एका रासायनिक कारखान्यात, प्रयोगशाळेत मदतनीस होता. सहा वर्षं टेंपररी. पण बायकोने, सोनुबाईने, तो कायम झाल्याचं गावभर कधीच सांगून टाकलं होतं. त्यामुळे दिवाळीला निघणाऱ्या कायम कामगारांच्या यादीत नाव लागणं ही आता नोकरीची नाही, अब्रूची गोष्ट झाली होती. आणि नाव सुचवणार प्रयोगशाळेचे प्रमुख चौबळसाहेब.

साहेबांचा जीव तीन बाटल्यांत. टायटॅनियमच्या धूर सोडणाऱ्या क्लोराइडशी तीन निरनिराळी अल्कोहोलं जुळवून, अमोनिया सोडून, पंधरा दिवस खपून त्यांनी तीन अल्कॉक्साइडं बनवली होती: आयसोप्रोपिल, ब्युटिल आणि ऑक्टिल. दिसायला तिन्ही गोडेतेलासारखी. पाण्यापुढे कोण किती टिकतं, याची तुलना दसऱ्यानंतर व्हायची होती. तोवर हुकूम एकच, "धाऊ, यांना हवेतली ओलसुद्धा सोसत नाही!"

"बाळंतिणीला येवढं जपत नायत रं," स्टोअरमधला हारून म्हणे.

चौऱ्याहत्तरच्या खंडेनवमीला पूजा धाऊकडे होती. तराजूला हार झाला, पंपाला कुंकू झालं. मग त्याला वाटलं, साहेबांची खरी हत्यारं तर या बाटल्या! पण तोंड बांधलेल्या देवाला पूजा कशी पोचायची? त्याने बुचं काढली आणि आंब्याच्या डहाळीने पाणी शिंपडलं. दुजाभाव नको म्हणून प्रत्येकीवर मोजून तीनदा. हुकूम आठवला तेव्हा आरती सुरू झाली होती.

"धाऊ, नासलं रं!" हारून ओरडला. पहिल्या बाटलीत दह्यासारखा पांढरा साका धरला होता.

"गप. आरती अर्धी टाकता येत नाय," धाऊ टाळ्या वाजवत म्हणाला. घाम मात्र कानामागून वाहत होता.

प्रसादाला आलेले चौबळसाहेब खोबरं हातात धरूनच बाटल्यांवर वाकले. म्हणाले, "आधी कोणती गेली?"

नोकरी तर गेलीच, निदान खरं तरी सांगावं, असा विचार करून धाऊ बोलला, "आयसोप्रोपिल, पयल्या कडव्याला. ब्युटिल दुसऱ्या आरतीला. ऑक्टिलनं खोबरं वाटंपर्यंत दम धरला."

"पाणी सारखंच घातलंस?"

"देवाच्या कामात मापात पाप करीन का, साहेब?"

साहेबांनी खोबरं खिशात कोंबलं आणि आधी सगळं लिहून घेतलं. मग तासभर झापलं. पुढचे पंधरा दिवस धाऊला जुंपून तिन्ही पुन्हा बनवली, घड्याळ लावून तपासली. क्रम तोच निघाला.

यादीत धाऊचं नाव आलं. शिफारशीत साहेबांनी लिहिलं होतं: 'निरीक्षण अचूक. पाण्यापासून दूर ठेवावा.'

धाऊ पेढ्यांचा पुडा घेऊनच घरी आला. सोनुबाईने झटकन दार लावून घेतलं.

"वाटता कुनाला? गावाच्या हिशेबी तुमी दोन वर्सांमागंच कायम झालात!"

मग दोघांनी दाराआड बसून अख्खा पुडा संपवला.