तणकाकू आणि अप्पांचा पिंपळ

तणकाकूंना गोड बोलता येत नसे. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत कुणी हौसेनं कुंडी दाखवायला नेलं, तर "छान आहे. मरेल," एवढं सांगून त्या जिना उतरत. जन्मभर कृषी प्रयोगशाळेत तणनाशकांवर काम केलेलं, म्हणून हे नाव पडलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं.

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, जाण्याच्या आदल्या वर्षी कुंपणाशी पिंपळ लावला होता. आमच्या घरचा तो बोधिवृक्ष. चेअरमनसाहेबांनी हिवाळ्यात तिथलं गवत मारायला फवारणी करून घेतली आणि आठवड्याभरात पिंपळाची कोवळी पानं पिळवटली. मी धावत काकूंकडे गेले.

"खत घालू का?"

"अजिबात नाही. हे औषध झाडाला उपाशी मारत नाही, भलतंसलतं वाढायला लावून मारतं. तुम्ही त्यात भर घालणार का?"

त्यांनी बुंध्याजवळची माती नेऊन तिच्यात घेवडा पेरला. घेवड्याला या विषाचा अंशही सोसत नाही. रोपं वाकडीतिकडी उगवली. पुन्हा माती आणली, पुन्हा तेच. "मातीतले जंतू हे विष खाऊन संपवतात. पण थंडीत तेही पांघरूण घेऊन बसतात. थांबा," काकू म्हणाल्या. चेअरमनना मात्र तिथे गाड्या लावायच्या होत्या. "वाळकं लाकूड किती दिवस सांभाळायचं, ताई?" असं ते भेटतील तिथे विचारत.

मार्चमध्ये घेवडा सरळ उगवला. मी आनंदानं ओरडलेच. काकूंनी खाली जाऊन नखानं पिंपळाची साल खरवडली, अगदी मुळापर्यंत. आत सगळं तपकिरी.

"माती सुटली विषातून. झाड नाही सुटलं," त्या म्हणाल्या. "चेअरमनकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐका."

आणि त्यांनी माझा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. अप्पा गेले तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

त्या उन्हाळ्यात काकू कायमच्या लेकीकडे नाशिकला गेल्या. निघण्यापूर्वी आम्ही वाळकं झाड काढून त्याच जागी पिंपळाचं नवं रोप लावलं. "हे जगेल ना?" मी विचारलं. "माती चांगली आहे. माणसांचं मला विचारू नका."

पावसाळा सरता सरता फवारणीवाला पाठीवर पंप घेऊन पुन्हा आला. मी रोपापुढे जाऊन उभी राहिले. गॅलरीतून चेअरमन ओरडले, "अहो ताई, बाजूला व्हा, अंगावर उडेल!"

"उडू द्या," मी म्हणाले आणि तिथेच मातीत बसले.