पुढं काही नाही

तबकडी संपत आली की आमचे शेजारी नाना दोन बोटांनी फोनोची पिन उचलत आणि म्हणत, "पुढं काही नाही."

पुढं होतं. जुन्या तबकड्यांत गाणारी बाई शेवटी स्वतःचं नाव सांगत असे. नानांना एका बाईचं गाणं रोज संध्याकाळी लागे. तिचं नाव मात्र घरात उच्चारलेलं चालत नसे. का, तर ती बैठकीत गाणारी.

नानांच्या ज्या गोष्टींची मला किळस येई, त्यांत ही पहिली. दुसरी तपकीर. ती ओढून झाली की बोटं धोतराला पुसायची आणि त्याच बोटांनी पिन धरायची. वर शिंक आली की आम्हालाच सांगायचं, "लांब उभे राहा."

फोनो मात्र देखणा होता, हे नाकारणार नाही. नाशकातल्या आमच्या तांबट आळीत तो पहिलाच. सागवानी पेटी, पितळी कर्णा. दिवसभर हातोड्यांचे ठोके ऐकलेली माणसं संध्याकाळी नानांच्या ओट्याखाली जमत. मी तेव्हा आळीतली नवी सून. त्या कर्ण्यातून आवाज आला की माझ्या हातातलं काम राहून जाई; आणि माझं काम सहसा राहत नाही.

एका वैशाखात, भर दुपारी, एक म्हातारी बाई ओट्यापाशी आली. धुवट लुगडं, बसलेला आवाज.

"मालक, माझी तबकडी तुमच्याकडं आहे म्हणतात. माझ्यापाशी एकही राहिली नाही, आणि गळाही गेला. एकदा ऐकवता?"

नाना गडबडले. "पायरीखालीच बसा," म्हणाले आणि त्यांनी फोनोला चावी दिली.

बाई डोळे मिटून ऐकत होती. शेवट आला तशी म्हणाली, "तेवढं नाव होऊ द्या, मालक."

नानांनी पिन उचलली. "पुढं काही नाही."

"माझंच आहे हो ते," ती किंचित हसली. "बरं, हातात तरी द्या."

एवढं नानांना नाकारता आलं नाही. तिनं पदरानं तबकडीवरची तपकीर पुसली, मधल्या कागदावरून बोट फिरवलं आणि ती परत केली. "जपा," म्हणाली. मी दिलेलं पाणी पिऊन गेली.

ती वळणाआड होते न होते, तोच नानांनी पायरी धुतली. मग गोदावरीचं पाणी घेऊन तबकडी धुतली. इतकी वर्षं आवाज चालला, बोटं चालली नाहीत.

तबकडी ते उन्हात ठेवायला निघाले. मी म्हटलं, "नाना, लाखेची आहे ती. मऊ पडेल."

"तू तुझी चूल बघ, सूनबाई."

तापलेल्या दगडावर तबकडीच्या कडा पापडासारख्या वळल्या.

संध्याकाळी पिन कडेला ठेवली की उडे. पुन्हा ठेवली, पुन्हा उडे. पेटीत दुसऱ्या तबकड्या होत्या. नाना त्यांना हात लावीनात. आठवडाभर हेच चाललं. जमणारे एकेक करून यायचे थांबले. कोणी विचारलं तर नाना म्हणत, "ऊन लागलं." ऊन आपोआप लागलं असावं तसं.

मधल्या कागदालगतचा, गाणं संपतं तिथला भाग तेवढा सपाट राहिला होता. एके दिवशी त्यांनी पिन तिथं टेकवली.

नाना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची किळस येई ती काही कमी झालेली नाही. पण ते होते तोवर रोज दिवेलागणीला, गाणं न होताच, त्यांच्या घरातून त्या बाईचं नाव ऐकू येई. स्पष्ट, तरुण आवाजात. नाना पिन उचलत नसत.