सुजलेल्या गालाचं तिखट

माझे वडील मंगळवारी सकाळी वारले. दुपारी आमची मिरची दळायची गिरणी बंद केली. तिखटाच्या पाकिटावर त्यांचा फोटो होता. त्या दिवसापासून तो वारलेल्या माणसाचा फोटो झाला.

त्या फोटोत त्यांचा डावा गाल सुजलेला आहे. पाकिटं छापायचं ठरलं तेव्हा नेमकी त्यांची दाढ ठणकत होती, पण फोटोग्राफर बुलढाण्याहून आलेला; त्याला तसंच परत पाठवणं त्यांना पटेना. फेटा बांधून बसले आणि जमेल तेवढे, म्हणजे एका बाजूनं, हसले. पाकिटावर नावही होतं, पण ते कोणी वाचत नसे. धाड गावच्या बाजारात बाया सरळ म्हणत, "ते गाल सुजेल तिखट द्या."

तेरवीच्या आधी आईचे मावसभाऊ भेटायला आले. बसून डोळे पुसले, चहा घेतला, मग पिशवीतून एक पाकीट काढून म्हणाले, "भाऊजी गेले, पण माल बंद नाई पडू देला तुमी, हे बरं केलं."

गिरणी तर बंदच होती. आईनं चष्मा लावून पाकीट बराच वेळ पाहिलं.

"हे आमचे नाईत."

"काऊन? गाल तर सुजेल हाये."

"यायचा उजवा हाये. आमच्या यायचा डावा होता."

तोच लाल रंग, तसाच फेटा, तशीच मिशी. माणूस मात्र दुसरा. मागचा पत्ता धामणगाव बढ्याचा होता. चौकशी केली तेव्हा कळलं की तिथल्या एका व्यापाऱ्यानं स्वतःच्या वडिलांना फोटोला बसवलं होतं. गालात सुपारी असावी. आमचं पाकीट समोर धरून, आरशात बघावं तशी, ती चुकीच्या बाजूला ठेवली गेली होती.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे घरातलं कागदांचं काम माझ्याकडे येतं. मी बुलढाण्याला वकिलांकडे गेले. वडिलांनी व्यापारचिन्हाच्या नोंदणीचा अर्ज करून ठेवला होता. मंजुरी यायची होती. वकील म्हणाले, डावं-उजवं विसरा. कायदा दोन पाकिटं शेजारी ठेवून बघत नाही. साध्या बुद्धीच्या, अर्धवट आठवण असलेल्या गिऱ्हाइकाची गल्लत होईल का, एवढंच बघतो. परतताना एसटीत मी ते वाक्य मनात घोळवत होते.

अर्ज आता वारसांच्या नावे करायचा होता आणि वकिलांनी फोटोसाठी आईची लेखी संमतीही मागितली.

"यायच्या फोटोले माही संमती?" आई म्हणाली. "जित्तेपणी कोन्त्या गोष्टीत विचारलं मले यायनं?" तरी तिनं डोक्यावर पदर घेतला आणि सही केली.

तेरवी झाली, गिरणी सुरू झाली. आईनं भिंतीवरच्या फोटोला हार घातला आणि मग पाकिटांच्या थप्पीकडे वळून विचारलं, "यायले हार नाई?"

"आई, ते पाकीट आहे."

"फोटो हाये ना? बिनहाराचा फोटो म्हंजे माणूस जित्ता. बाजारात लोक त्यायले जित्ते समजून राह्यले. खोटं बोलून तिखट इकू काय मी?"

वकिलांना फोन केला तर ते घाबरले. ज्या फोटोचा अर्ज, त्याच फोटोचा वापर. त्याला हात लावायचा नाही. दोन दिवस मी दोघांचे निरोप इकडून तिकडे नेत होते. शेवटी वकील दमून म्हणाले, "वेगळं स्टिकर लावा. स्टिकर म्हणजे चिन्ह नव्हे."

आम्ही झेंडूच्या हाराची स्टिकरं छापून आणली. आई दुपारी बसून ती एकेका पाकिटावर, सुजलेला गाल झाकणार नाही अशा बेतानं, चिकटवायची.

व्यापाऱ्याला नोटीस गेली. तिचं उत्तर आलं नाही. पुढच्या बाजारात मात्र त्याच्या पाकिटावरही हार आला. आमच्याकडे दिसेल ते उचलायची त्याला सवयच लागली होती.

"हार बी नेला," आई म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग एका सकाळी दारात जीप थांबली आणि त्या व्यापाऱ्याच्या पाकिटावरचे म्हातारे उतरले. फेटा तोच, गाल दोन्ही सारखे. ओट्यावर बसून पाणी प्यायले.

"बाई, साखरखेर्ड्याहून माहे व्याही आले, रडत रडत. दार मीनंच उघडलं. मले पाहून ते अजून रडले. बहीण फोनवर विचारून राह्यली, दहावं कोन्त्या दिवशी हाये. फोन बी मीनंच उचलला."

आईनं त्यांचा पेला पुन्हा भरला.

"पोरगा म्हणते, तिकडं हार लावला म्हणून मीनं बी लावला. मीनं म्हटलं, बे, त्यायचा माणूस गेला असंन. विचारलं का तुनं?"

"नाई विचारलं त्यानं," आई म्हणाली.

"गेले?"

"गेले."

म्हातारे उठले, आत जाऊन भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहिले. तोही तोच फोटो. दुसरा चांगला आमच्याकडे नव्हता. त्यांनी हात जोडले. बराच वेळ पाहून म्हणाले, "दाढ होती का?"

"दाढच."

"मले पोरानं सुपारी कोंबली. दिवसभर बोलता नाई आलं."

आई हसली. तेरवीनंतर पहिल्यांदाच.

म्हाताऱ्यांनी पाकिटं बंद करवली, आणि पोराकडून तसं लिहवूनही दिलं. वकील जरा हिरमुसले. त्यांनी सुपारीवर चांगला युक्तिवाद तयार केला होता.

नोंदणी मंजूर झाली. धाडच्या बाजारात आता गाल सुजलेलं तिखट एकच आहे आणि आई अजून त्याला हार चिकटवते. सूज नसलेला वडिलांचा चेहरा मला अर्धवटच आठवतो.