रुपरावांची सकाळची फेरी

वाती अर्ध्याच वळून झाल्या होत्या, तेवढ्यात शेजारची वच्छला अनवाणीच दारात आली.

"काकूजी, मामाजी दिसले काय?"

मामाजी म्हणजे तिचे सासरे, रुपराव. गिरणी सुटून वर्षं लोटली, पण पहाटे 'भोंगा झाला' म्हणत हे कामावर निघतात. सुनेलाच विचारतात, "बाई, तुम्ही कोणाकडल्या?" त्या दिवशी आमच्या महाल भागातून पार लांब, नंदनवन वस्तीच्या वळणावर सापडले.

वच्छलाचा नवरा नोकरीपायी चांद्याला. त्याच आठवड्यात, रात्रभर त्यांच्यावर नजर ठेवून जागलेली, स्टोव्हपाशी तिला डुलकी लागली, पदर जळला. दीर म्हणाला, दिवाळी झाली की बाबांना पागलखान्यात ठेवतो. ही म्हणते, "मी जिती असेतो नाही."

म्हणून आमच्या भजनी मंडळानं कोजागिरीनंतर तिच्यासाठी प्रभातफेरी काढली. घरोघरी झोळीत मूठमूठ तांदूळ, डाळ पडली. फेरी आमच्या गल्लीत आली, तर रिवाजाप्रमाणे वच्छलानंही मूठभर ज्वारी टाकली.

"कोणासाठी होय, मावशी?" तिनं झोळी धरलेल्या प्रयागबाईंना विचारलं.

प्रयागबाईंनी झोळी मिटून घेतली. मीच म्हटलं, "तुझ्याचसाठी, बाई."

ती उंबऱ्यावर बसली. रागावली नाही, रडलीही नाही.

"ज्वारी आहे घरी, काकूजी. सकाळी कोणीतरी मामाजीले फिरवून आणा. मले झोपू द्या."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"सकाळी नळ येते वं, कसं जमन?" प्रयागबाई म्हणाल्या.

"आन् माह्ये गुडघे?" दुसरी म्हणाली.

तोवर रुपराव कोणाची तरी झांज उचलून गल्लीच्या टोकाला पोचले होते. "चाला वं बायाहो! साहेब गेट लावते!"

हसू आलं सगळ्यांना. पण मागं जावं कोणीतरी लागणारच होतं. गेलो.

आता झोळी नाही, फेरी रोजची आहे. कधी चौघी असतो, कधी मी एकटी. आधी अभंग म्हणत जायचो, आता दम पुरत नाही. पूजेला उशीर होतो. पांडुरंगा, तू समजून घेशील. घरची माणसं घेत नाहीत. दिवाळीनंतर दीर आला, वच्छलाचा झोप झालेला चेहरा बघून "संक्रांतीपर्यंत पाहू" म्हणून परत गेला. तेवढंच हाती लागलं.

आज प्रयागबाई आल्या नाहीत. वाटेत रुपरावांच्या चपलेचा अंगठा तुटला. माझी चप्पल त्यांना घालून आणलं. वच्छला अजून झोपलेली आहे, ते माझ्या ओसरीवर चहा पिताहेत. ती उठली की चप्पल शिवायला मोच्याकडे जायचं आहे.