शिरस्तेदारांचा भोपळा

सकाळी सहाला बेल वाजली आणि मी विस्कटलेल्या केसांनी दार उघडलं. समोर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, कपाळावर गंधाची बारीक रेघ ओढलेले एक सत्तरीचे गृहस्थ, हातात पितळी तबक घेऊन उभे होते.

"अक्का, नवरदेव आहे काय ओ तुमच्याकडं?"

बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये, चौदाव्या मजल्यावर, इतक्या सकाळी, पन्नाशीच्या बाईला कोणी हा प्रश्न विचारावा याचा मला खरं तर आनंदच झाला. पण माझे नवरदेव आत घोरत होते आणि पाहुण्यांना हवा होता तो बाल्कनीतला. भाज्यांचे देठ टाकून टाकून भरलेल्या माझ्या कुंडीत लाल भोपळ्याचा वेल आपणहून उगवला होता. त्याला नुसती नर फुलं येत. शेजारच्या फ्लॅटमधल्या या अण्णांनी हे दोन बाल्कन्यांमधल्या जाळीतून बरेच दिवस हेरून ठेवलं होतं. त्यांच्या वेलावर त्या दिवशी पहिलं मादी फूल उमललं होतं, आणि त्यांची स्वतःची नर फुलं नेमकी आदल्या दिवशी मिटली होती.

चौदाव्या मजल्यापर्यंत मधमाश्या येत नव्हत्या. अण्णांना ते काम स्वतः करावं लागे, आणि तेही नऊच्या आत, कारण ऊन चढलं की फूल मिटतं. मी गाऊनवर शाल ओढून वऱ्हाडी म्हणून गेले. खाली धुकं इतकं दाट होतं की ऑफिसच्या कॅब, झाडं, रस्ता सगळं पुसून गेलं होतं. समोरचे काचेचे टॉवर अधांतरी तरंगत होते. त्या पांढऱ्या पोकळीत अण्णांचं ते एकच पिवळं फूल दिव्यासारखं लागलं होतं. अण्णांनी नर फुलाच्या पाकळ्या एकेक करून सोलल्या, मधला केसरदांडा मादी फुलाला हळूच टेकवला, वर तांदळाचे दोन दाणे टाकले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "जेवणाचं नंतर बघू."

अण्णा निपाणीकडच्या एका कोर्टात शिरस्तेदार, म्हणजे कारकुनांचे प्रमुख, होते. निवृत्तीनंतर मुलानं त्यांना इकडे आणलं. सुंदराबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मात्र आल्या नाहीत. घरामागचं परडं म्हणजे त्यांचा जीव. वांगी, मिरच्या, गवती चहा, दोन पेरू, एक लिंबू. "तिथं माती नाही, मी तिथं येऊन टीव्ही बघू काय?" असं त्यांचं म्हणणं. अण्णांनी तडजोड सुचवली आणि बाईंनी अट घातली. परड्यातल्या भोपळ्याचं बी घेऊन जा. तुमच्या त्या उंच घरात त्याला फळ धरलं आणि पिकलं, तर मी येते. आयुष्यात अण्णांनी कधी कोथिंबिरीची काडीही लावली नव्हती. तरी बी कागदाच्या पुडीत बांधून, शर्टाच्या खिशात घालून ते बंगळूरला आले.

पहिलं लग्न मोडलं. फुलाखालचा बोराएवढा भोपळा चार दिवसांत पिवळा पडून गळाला. दुसरं मोडलं, तिसरं मोडलं. दर वेळी अण्णा गळालेलं फळ तळहातावर ठेवून मला दाखवत. "दावा फेटाळला," एवढंच म्हणत आणि अपिलाच्या तयारीला लागत. चौथ्या वेळी पाऊस होता, मधल्या उघड्या पॅसेजमध्ये शिंतोडे येत होते. अण्णा छत्री घेऊन आले. छत्री स्वतःवर नव्हती, तबकावर होती. ते फळ मात्र धरलं.

मग अण्णा बदललेच. भोपळा लिंबाएवढा झाला, नारळाएवढा झाला, वेलाला पेलेना तेव्हा त्यांनी जुन्या बनियनची झोळी करून तो बाल्कनीच्या गजांना टांगला. त्यांचा मुलगा एकदा म्हणाला, "अप्पा, भोपळा मार्केटमध्ये मिळतो." अण्णांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की कधीकाळी वकीलसुद्धा त्या नजरेनं खाली बसत असतील.

भोपळ्याचे फोटो निपाणीला गेले. बाईंनी ते मानले नाहीत. "फोटोत मला काय कळतंय? ठोकून बघायला पाहिजे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता सुनावणी सुरू झाली. अण्णांनी मला पंच म्हणून बोलावलं, कारण एकट्याच्या शब्दावर बाई विश्वास ठेवणार नाहीत. मी फोन भोपळ्याला लावून धरायचा, अण्णांनी बोटाच्या सांध्यानं तीनदा ठोकायचं.

"ऐकू आलं काय गं?"

"आलं. परत एकदा. देठाजवळ."

टक, टक, टक. पलीकडे शांतता. त्या शांततेत निपाणीचं परडं ऐकू यायचं. नळाखाली भरणारी बादली, लांबवर कोणीतरी हाकलत असलेली म्हैस, बाईंच्या बांगड्या. इकडे आमच्या काचांवर संध्याकाळ वितळत असायची आणि मला वाटायचं, आम्ही तिघं एकाच बाल्कनीत उभे आहोत, फक्त ती फार लांबच लांब आहे.

"कच्चा आहे अजून," बाई म्हणायच्या. "आठ दिवस ठेवा."

मग बोलणं इतर गोष्टींवर जायचं. मिरचीवर कीड पडली. तुमच्या गोळ्या घेतल्या काय. पेरू वटवाघळांनी खाल्ले. रात्री पांघरूण घेता काय. मी पंच असल्यानं मला हलता येत नसे, आणि खरं सांगायचं तर हलायचंही नव्हतं.

आठ दिवस झाले, पुढचे आठ दिवस पडले. "बघा की अक्का," अण्णा म्हणाले, "पस्तीस वर्षं लोकांना तारखा दिल्या. आता मला पडायला लागल्या."

दोन महिने झाले. भोपळ्याचा देठ वाळून लाकडासारखा झाला होता, सालीत नख रुतत नव्हतं, वेलाची पानं करपून गळत होती. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही समजत होतं. एका संध्याकाळी फोन ठेवल्यावर अण्णांनी भोपळ्यावर हात ठेवला.

"पिकलाय ओ हा," ते हळू म्हणाले. "तिलाही कळतंय. तिला यायचंच नाही."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "विचारून तर बघा."

"फोनवर नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी देठ कापला, भोपळा बनियनसकट पिशवीत घातला आणि मुलाची समजूत काढून निपाणीची बस धरली. लहान मूल न्यावं तसा तो त्यांच्या मांडीवर होता.

पाच दिवसांनी त्यांचा फोन आला.

"अक्का, घारगे केले होते. गोड होता."

"आणि काकू काय म्हणाल्या?"

"म्हणाली, महिन्यामागंच पिकलेला. त्या दिवशी पहिल्या ठोक्याला कळलं होतं तिला. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही कोर्टातनं घरी येत होता तेव्हा 'वाढ' आणि 'झालं' एवढे दोन शब्द बोलत होता. भोपळा उतरला असता तर सातला फोन कशाला केला असता तुम्ही?"

मी फोन कानाला लावूनच बाल्कनीत गेले आणि जाळीतून त्यांचे रिकामे गज बघितले.

अण्णा परत आले नाहीत. मुलगा दर महिन्याला जाऊन त्यांना भेटतो. मी मधेच एकदा फोन केला आणि विचारलं, "मग आता काय बोलता दोघं?"

साक्ष नोंदवण्याआधी घ्यावा तेवढा वेळ त्यांनी घेतला.

"समोरासमोर अजून जमत नाही ओ. ती परड्यात असते. मी पडवीत बसतो, आणि तिथनंच विचारतो, मिरचीला पाणी घातलंस काय. ती म्हणते, घातलं. मग मी विचारतो, लिंबाला? ती म्हणते, तुम्हीच या की बघायला. मग स्वल्प जातो, दोन-चार पावलं."