चातुर्मासातली वांगी

आमच्या कोंबड्यांना शिस्त नव्हती आणि माझ्या सासऱ्यांना ती लावायचीही नव्हती. ते म्हणत, कोंबडी उकरणार नाही तर काय जप करत बसणार? अमडापूरच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून आमचं शेतातलं घर आहे. घरामागं विहीर, विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला आणि त्या भाजीपाल्यात दिवसभर हुंदडणाऱ्या गावरान कोंबड्या. मी बुलढाण्यात वाढलेली, कारकुनाची मुलगी. भाजी पिशवीतून येते आणि अंडी कागदात गुंडाळून येतात, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका खुडूक कोंबडीनं चोच मारून माझा हात रक्ताळला आणि सासूबाई पदर तोंडाला लावून हसत बसल्या. पुढं त्याच कोंबड्या माझ्या गळ्यात पडल्या. खुराडं झाडणं, अंडी वेचणं, खुडूक बसवणं, सगळं माझ्याकडं आलं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायलाही लागलं.

भाजी मात्र सासऱ्यांची. तिच्यात ते कुणाला हात घालू देत नसत. बुलढाण्याकडं जाणारे साहेबलोक रस्त्यावर गाडी थांबवून आमची भाजी घ्यायचे, कारण सासरे छातीठोकपणे सांगायचे की आमच्या भाजीवर फवारणी नसते. खरंच नसायची. फवारणीचा पंप आमच्या घरात कधी आलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी मात्र वांग्यांनी त्यांची अब्रू घालवली. बाहेरून तुकतुकीत आणि चिरलं की आत अळी. एक साहेब परत आले, चारचौघांत पिशवी आमच्या ओट्यावर उपडी केली आणि निघून गेले. सासऱ्यांनी ती वांगी एकेक करून उचलली. त्यानंतर कितीतरी दिवस ते जेवताना मान वर करत नव्हते.

वांग्याच्या वाफ्यापलीकडं बोरीच्या काट्यांची कुपाटी आणि कुपाटीपलीकडं चाचीचं घर. चाची म्हणजे आमची शेजारीण, मुसलमान, सासूबाईंच्याच वयाची. तिच्या मुलाचं अमडापुरात वेल्डिंगचं दुकान आहे. वांगी किडली त्याच्या पुढच्या वर्षी तिची सून पोटुशी होती, श्रावणात तिला सातवा लागला होता. कुपाटीला एका जागी खिंडार होतं, माणूस वाकून जाईल एवढं. ते दोन्हीकडून कुणी कधी बुजवलं नाही, कारण दिवसातून दहा वेळा त्यातून काही ना काही इकडून तिकडं जायचं.

आमच्या घरात आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगं बंद. कोंबडीचं तर नावच नको. त्याच्या दोन दिवस आधी, कांदेनवमीला, भरीत असं हाणतात की पुढच्या चार महिन्यांची भरपाई एकाच ताटात व्हावी. पण वांग्याच्या झाडाला चातुर्मास कळत नाही. आपण खात नाही नेमकं तेव्हाच ते लदलदून धरतं. मग ही वांगी रस्त्यावर विकायची आणि राहतील ती खिंडारातून चाचीकडं. कोंबड्यांचंही तसंच. एखादी कोंबडी मान टाकायला लागली की ती मरायच्या आत कापायची, असा इकडं सगळ्यांचाच रिवाज. मेली तर उकिरड्यावर जाते, म्हणून घाई. एरवी आम्हीच कापत असू, चातुर्मासात चाचीला देत असू. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बदल्यात तिच्याकडून बकरीचं दूध यायचं.

त्या वर्षीची वांगी दृष्ट लागावी अशी होती. डाग नाही, भोक नाही, शेंडा सुकलेला नाही. मी चेष्टेत सासऱ्यांना म्हटलं, मामाजी, यंदा अळ्यांनीही चातुर्मास धरला की काय. एरवी माझ्या फालतू विनोदांना खळखळून हसणारा माणूस, त्या दिवशी हसला नाही. टोपली उचलून रस्त्याकडं निघून गेला. मला ते खटकलं, पण म्हाताऱ्या माणसाचं काही बिनसलं असेल म्हणून मी सोडून दिलं.

चाचीच्या सुनेला डोहाळे वांग्याचेच लागले होते. सकाळी ती खिंडाराशी येऊन उभी राहायची आणि माझ्या टोपलीतून स्वतः निवडून घ्यायची. कधी भरीत, कधी नुसतं चुलीत भाजून मीठ लावून. तिच्या उलट्या मात्र थांबत नव्हत्या. मी तिला चिडवायची की तुझं लेकरू पुढारी होणार, पोटात असल्यापासूनच गोंधळ घालतंय. ती हसायची. घाम पुसायची. तिला घाम फार यायचा त्या दिवसांत.

मग एका रात्री धो धो पाऊस झाला. सकाळी मी वाफ्याकडं गेले तर वांग्यांच्या बुंध्याशी सगळीकडं गांडुळं वर आलेली. पावसानं गांडुळं वर येतात हे मलाही आता ठाऊक झालं होतं. पण ती वळवळत नव्हती. लांबट, पांढुरकी, उसवलेल्या नाडीसारखी पडून होती. कोंबड्या मात्र खुशीत होत्या. इकडून तिकडं धावत, एकमेकींच्या तोंडातून ओढत त्यांनी तो वाफा साफ करून टाकला. मी उभी राहून पाहत होते. आज यांना दाणे टाकायची गरज नाही, एवढंच माझ्या मनात आलं.

ऊन वर आलं आणि पहिली तांबडी कोंबडी आडवी झाली. पाय फाकलेले, चोचीतून लाळ, पंख आपोआप फडफडत होते. सासूबाईंनी पाहिलं, मानमोडीची साथ आली म्हणाल्या, आणि ती उचलून खिंडारातून चाचीच्या हातात दिली. त्या परत येईतो दुसरी पडली. मग तिसरी. मानमोडी मी पाहिली आहे. ती कोंबडीला दोन-चार दिवस झुलवते. ही अशी तासाभरात येत नाही. मी खुराड्यापाशी नुसती गरगर फिरत होते. तेवढ्यात निंबावरून एक कावळा माझ्या पुढ्यात पडला, मेलेल्या कोंबडीपेक्षाही जड आवाज करत.  मानमोडी कोंबड्यांना होते, कावळ्याला काय झालं?

सासरे बाजारातून आले ते दुपारी. अंगणात पडलेल्या कोंबड्या त्यांनी पाहिल्या. काय झालं असं त्यांनी विचारलंच नाही. सकाळी कुठं चरत होत्या, एवढंच विचारलं. वांग्यात, मी म्हटलं. ते ओट्यावर बसले. हातातली पिशवी खाली ठेवायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. मी पुन्हा पुन्हा विचारत होते आणि ते नुसते वाफ्याकडं पाहत होते. तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "मानमोडी हाय. तांबडी तं म्या चाचीले देऊन टाकली, बाकीच्याईचं काय करू सांगा."

मी सासऱ्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. गुडघे धरून चालणारा माणूस, अनवाणी, काट्यांतून सदरा फाडत पलीकडं गेला. मी त्यांच्या मागं.

चाचीच्या चुलीवर रश्श्याचा गंज, इकडचं उभट पातेलं, रटरटत होता आणि कांदा-मसाल्याचा वास अंगणभर पसरला होता. "भाभी, ते उतरवा," सासरे म्हणाले. चाचीला वाटलं चेष्टा आहे, आमचा सावन चालू असल्याची तिनं त्यांना आठवण करून दिली. ते पुढं झाले आणि फडकं न घेता, उघड्या हातांनी तो गंज चुलीवरून उतरवला. कोंबडीच्या पोटात औषध आहे, म्हणाले. कुणी खाल्लं का, कुणी चाखलं का, हे त्यांनी तीन-तीनदा विचारलं. कुणी खाल्लं नव्हतं. मुलगा दुकानातून यायचा होता, त्याच्यासाठी सगळे थांबले होते. फक्त आतडी कुत्र्यानं खाल्ली होती आणि तो न्हाणीमागं पाय झाडत पडला होता.

चाचीनं स्वतः खड्डा करून रस्सा आणि कोंबडीचे तुकडे पुरले. मग ती कोपऱ्यात बसून अल्लाचं नाव घेत राहिली आणि थोड्या वेळानं उठून, चहा टाकते म्हणाली. वाचलो, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मलाही तेच वाटलं. सासरे पोळलेले हात काखेत धरून म्हणाले, चहा नको, निघतो.

तेव्हा मला दाराच्या आत बसलेली सून दिसली. पुढ्यात विळी, आणि ताटात चिरलेली वांगी. सकाळी माझ्या टोपलीतून तिनं निवडलेली. मी सासऱ्यांकडं पाहिलं. त्यांनीही ती पाहिली होती, आणि पाहूनच निघतो म्हणाले होते. ते खिंडाराच्या दिशेनं दोन पावलं गेलेही होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजवर त्यांच्यापुढं मी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही, पण वाट अडवून उभी राहिले.

"मामाजी, औषध कुठं टाकलं होतं, ते सांगा यांना."

 चाचीच्या हातातलं चहाचं भांडं तसंच राहिलं.

"वांग्याईच्या बुडाले," ते म्हणाले. "कपाशीचं दानेदार औषध होतं. फवारलं नाही म्या."

"कवा टाकलं?" चाचीनं विचारलं.

"आषाढात. एकादशी झाल्यावर."

चाची आपल्या सुनेकडं वळून पाहत राहिली. मग तिनं अगदी हळू विचारलं, "अन् तुमच्या घरात खाऊन राह्यले काय हे वांगे?"

"आमच्यात चालत नाही ना भाभी," सासरे म्हणाले. "चार महिने."

हे त्यांनी सवयीनं सांगितलं, दर वर्षी सांगतात तसं. आणि मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. घरचं माणूस कार्तिकीपर्यंत वांगं खाणार नाही, तोवर मुळातून वांग्यात चढलेल्या औषधाचा जोर उतरून जाईल, हा हिशोब त्यांनी आषाढातच करून ठेवला होता. त्या हिशोबात रस्त्यावरचे साहेब नव्हते. खिंडाराशी उभी राहणारी ही पोरगी नव्हती. ते दुष्ट नव्हते, हे मी आजही म्हणते. या सुनेच्या लग्नात त्यांनी मांडवाला खांद्यावरून लाकडी बल्ल्या वाहिल्या होत्या. तरीसुद्धा त्या क्षणी मला त्यांची किळस आली.

"दीड महिन्यापासून हिच्या उलट्या बंद होऊन नाही राह्यल्या," चाची म्हणाली, आणि तिनं सुनेच्या हाताखालून विळी काढून घेतली.

संध्याकाळीच सुनेला बुलढाण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाळाचे ठोके लागत आहेत, वांगी आजपासून बंद करा, बाकीचं आज कुणालाच सांगता यायचं नाही, असं त्या म्हणाल्या. वांगी बंद झाली आणि आठवडाभरात उलट्या थांबल्या. घामही थांबला. आधी आम्ही उलट्यांना घाबरत होतो, आता त्या थांबल्या म्हणून जास्त घाबरलो, कारण आता शंकेला जागा राहिली नाही. मी तिला चिडवत होते ते शब्द मला झोपेत ऐकू यायचे.

चाचीच्या मुलानं खिंडारात काटे भरले. आमच्याशी तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. सासऱ्यांनी सगळी वांगी उपटली, लांब नेऊन खोल पुरली, आणि त्या वाफ्यात पुन्हा काही लावलं नाही. उरलेल्या कोंबड्या मी कोंडून ठेवल्या. रस्त्यावर साहेबलोक थांबून वांगी मागत. गेल्या खेपेची फार गोड होती म्हणत. सासरे त्यांना नाही म्हणत, एवढंच. कार्तिकी एकादशी आली आणि गेली. सासूबाईंनी वांगं केलं नाही, कुणी मागितलंही नाही.

पोरगी झाली. कुपाटीपलीकडून पहिलं रडणं ऐकू आलं तेव्हा सासूबाई चुलीपुढंच बसून रडल्या. मी पाहायला गेले, चाचीनं मला पाणी दिलं, बाळ दाखवलं. सासरे गेले नाहीत. त्यांची हिंमत झाली नाही. बाळंतिणीचे चाळीस दिवस सरल्यावर एका सकाळी चाचीच काठीनं काटे बाजूला सारत आली. सासरे अंगणात बसले होते. ती सरळ त्यांच्यापाशी गेली आणि दुपट्यातली पोरगी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांचे हात वर उचललेलेच राहिले. लावू की नको, असं त्यांना झालं होतं.

"पाहून घ्या भाऊ," ती म्हणाली. "हात, पाय, डोळे, सारं हाय. बाकीचं आता तुमाले नाही समजत अन् मले बी नाही समजत. बसन, चालन, बोलन, तवा समजन. तोवर तुम्ही बी वाट पाहा."

पोरगी आता वर्षाची होत आली आहे. दिसायला गोड आहे, हसते. पण अजून आधाराशिवाय बसत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, काही मुलं उशिरा बसतात. सासरे रोज सकाळी खिंडाराशी जाऊन उभे राहतात. काही विचारत नाहीत. चाची अंगण झाडता झाडता त्यांच्याकडं पाहते आणि म्हणते, "अजून नाही, भाऊ."